पडदा ओढणाऱ्याची पदवी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात ‘पॅलेस थिएटर’ म्हणून बांधलेली ही वास्तू. छप्पर कोसळले, रंगमंचाची राख झाली. मी दोन दिवसांनी हातकणंगल्याहून रेल्वेने गेलो. खासबाग मैदानाच्या बाजूला माणसे गटागटाने उभी होती. कुणी तिथे ऐकलेल्या पदांविषयी बोलत होते, कुणी आपल्या पहिल्या प्रवेशाविषयी. माझ्याबरोबर आमच्या गावचा एक वायरमन होता. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री नाटकाच्या लाइट्सवर, असे त्याचे बरीच वर्षे चालले आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, नट दुसऱ्या थेटरात गेला तरी नटच असतोय. आमचं तसं न्हाई. कुठली फळी करकरती, कुठल्या पाइपला किती वजन झेपतंय, ते सगळं ह्या जागेत हुतं.” परतीच्या गाडीत त्याने विचारले, “ह्येचं कॉलेज असतंय का कुठं?”

असते, आणि नसतेही. हे उत्तर त्याला पुरले नाही, म्हणून थोडा शोध घेतला.

सुरुवात शब्दापासून करू. आज आपण ‘नेपथ्य’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर दिवाणखान्याचा सेट येतो. संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ अशी सूचना आली की आवाज पडद्याआडून येतो. नेपथ्य म्हणजे रंगभूषा-वेशभूषेची, प्रेक्षकाला न दिसणारी जागा. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यात ‘आहार्य’ हा एक. वेश, अलंकार, रंग आणि रंगमंचावरच्या बनवलेल्या वस्तू हे सगळे त्यात येते. या बनवलेल्या वस्तूंना ‘पुस्त’ म्हटले आहे आणि त्याचेही संधिम, व्याजिम, वेष्टिम असे प्रकार केले आहेत: जोडून केलेले, यंत्राने हलवलेले, गुंडाळून केलेले. दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाची मापे हस्तांत दिली आहेत आणि मध्यम आकाराच्या मंडपाची, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, शिफारस करताना कारण दिले आहे ते ऐकू येण्याचे आणि चेहरा दिसण्याचे. म्हणजे सुतार, चित्रकार, शिंपी यांचे काम हा नाट्यविद्येचाच भाग आहे याबद्दल ग्रंथकर्त्याला शंका नव्हती. शंका आपल्याला नंतर आली.

मराठी नाटकमंडळ्यांच्या काळात ही विद्या मंडळीतच शिकली जाई. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून पुढची सत्तर-ऐंशी वर्षे नाटकाची शाळा म्हणजे मंडळीचे बिऱ्हाड. मुलगा यायचा, पाणी भरायचा, पडदा ओढायचा, जमले तर छोट्या भूमिकेत उभा राहायचा. कोल्हापूरचे व्ही. शांताराम लहान वयात गंधर्व नाटक मंडळीत होते, ते याच रीतीने.

या पद्धतीतून काय निपजू शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ. दोघांनाही लोक ‘पेंटर’ म्हणूनच ओळखत. १९१० नंतरची पाच-सहा वर्षे पश्चिम भारतातल्या नाटकमंडळ्यांना पडदे रंगवून देणाऱ्यांत हे दोघे अग्रभागी होते. नाटकाचा पडदा म्हणजे मोठे चित्र, असे आपण समजतो. ते तसे नाही. कापड ताणून त्याला सरसाचे अस्तर द्यायचे, पांढरी माती चढवायची, मग सरसात कालवलेले रंग लावायचे. ओले असताना रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर उजळतो, म्हणून रंगवणाऱ्याला उद्याचा रंग आज ओळखावा लागतो. त्यात दिवे गॅसचे. त्या पिवळ्या उजेडात निळा रंग मळकट होतो. दिवसा सुंदर दिसणारे आकाश रात्री चिखलासारखे दिसू शकते. राजवाड्याच्या खांबांची रांग मागे लहान होत जाते, पण नट लहान होत नाही. तो पडद्याला खेटून उभा राहिला की खांबाच्या डोक्यावरून त्याचा फेटा दिसतो. म्हणजे चित्रकाराला नटाच्या हालचालीची मर्यादाही ठरवावी लागते. शिवाय पडदा गुंडाळून बैलगाडीत, रेल्वेच्या डब्यात जाणार, तेव्हा रंग तडकता कामा नये. रसायन, प्रकाश, भूमिती आणि वाहतूक, एवढे सगळे एका पडद्यात.

हे दोघे सिनेमाकडे वळले तेव्हा परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी तो स्वतः बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला, आणि ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण करून दाखवले. दामले आणि फत्तेलाल ही पेंटर बंधूंच्या तालमीत तयार झालेली जोडी. १९२९ मध्ये शांताराम आणि इतर भागीदारांबरोबर त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यांच्यापैकी कुणाच्याही मागे पदवी नव्हती.

आता गंमत पाहा. प्रभात बंद पडल्यावर पुण्याच्या त्याच आवारात १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. तिथे छायाचित्रण, संकलन, ध्वनिमुद्रण, पुढे कलादिग्दर्शन हे स्वतंत्र अभ्यास झाले. कॅमेऱ्यामागच्या माणसाला विद्यार्थी मानले गेले, त्याच्या विषयाला तास, प्रयोगशाळा आणि प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे कोल्हापूरच्या पडदेवाल्यांची विद्या सिनेमाच्या वाटेने गेली आणि उच्चशिक्षणात पोहोचली. जी नाटकातच राहिली, ती विंगेतच उभी राहिली.

नाटकाच्या शिक्षणाची सोय झालीच नाही, असे नाही. दिल्लीला १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले आणि १९६२ पासून इब्राहिम अल्काझींनी तिथे नट होऊ पाहणाऱ्यांनाही हातोडी धरायला लावली. तिथे पुढे नाट्यतंत्र आणि आकल्प हा विशेष अभ्यासाचा विषय झाला. आपल्याकडे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात सत्तरच्या दशकात नाट्यशास्त्र विभाग आला, पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. गोव्यात कला अकादमीचे नाट्य विद्यालय आहे. या ठिकाणी नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, वेशभूषा हे विषय शिकवले जातात. पण मुलगा तिथे जातो तो बहुधा नट किंवा दिग्दर्शक व्हायला, आणि प्रकाशयोजना त्याच्या वाट्याला एका सत्रातला एक पेपर म्हणून येते. मला लाइट्सच करायच्या आहेत, असे म्हणणाऱ्या मुलासाठी मराठीत तीन वर्षांचा सलग रस्ता मला दिसला नाही. लंडनच्या राडा या १९०४ पासूनच्या नाट्यसंस्थेत अभिनयाच्या बरोबरीने रंगमंच तंत्र आणि व्यवस्थापन यांची वेगळी पदवी आहे. तिथला विद्यार्थी देखावा रंगवणे, वस्तू बनवणे, प्रकाश, ध्वनी यांतले एक काम धरून त्यात मुरतो.

“हे शिकवून येत नाही, करूनच येते,” असे जुने लोक सांगतात, आणि ते निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल माझाच एक अनुभव सांगतो. दहावीत असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकात आम्हांला सूर्यास्त हवा होता. डिमर कुठला? गावातल्या एका हुन्नरी माणसाने चिनी मातीचा पाइप उभा केला, बूड बंद करून त्यात मिठाचे पाणी ओतले, तळाशी एक पत्रा ठेवला आणि दुसरा दोरीने वरून सोडला. दोन पत्रे जवळ आले की दिवा उजळतो, लांब गेले की मंदावतो, कारण मधल्या पाण्याचा रोध वाढतो. हौशी रंगभूमीवर ही युक्ती सगळीकडे होती. आमच्या पाण्यात कुणीतरी जास्त मीठ टाकले. रोध कमी झाला, पाणी तापले, वाफ निघू लागली आणि दोरी धरलेला मुलगा घाबरून पळाला. पत्रा धाडकन तळाला गेला. सूर्य मावळायच्या ऐवजी भर दुपारसारखा तळपला आणि मग फ्यूज गेला. प्रेक्षक हसले. त्या पाण्यात वीज खेळत होती आणि शेजारी अनवाणी मुले उभी होती, हे मला खूप वर्षांनी, विजेचे गणित कळल्यावर, लक्षात आले. त्या हुन्नरी माणसाला युक्ती करून आली होती. मीठ किती, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

विद्यापीठाने द्यायचे ते हे ‘किती’. साधा हिशेब घ्या. एक हजार वॅटचा एक दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३५ अँपिअर प्रवाह ओढतो. मध्यम नाटकाला असे २४ दिवे लागले, तर एकाच फेजवर १०४ अँपिअर होतात; तीन फेजांवर आठ-आठ वाटले तर प्रत्येकी ३५. पण मग शेजारशेजारचे दोन दिवे वेगळ्या फेजवर आले तर त्यांच्यामध्ये ४०० व्होल्टचा फरक असतो, म्हणून कोणता दिवा कुठल्या फेजवर हे आधी कागदावर मांडावे लागते. आमच्या वायरमनला हे सारे येते. त्याने आयटीआयमध्ये वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आहे. त्याला येत नाही ते दुसरे: नटाच्या चेहऱ्यावर उजेड कुठून यावा. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मॅक्कँडलेस हा वास्तुशास्त्र शिकलेला माणूस रंगमंचाचा प्रकाश शिकवू लागला. रंगमंचाचे लहान भाग करा, प्रत्येक भागावर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून एकेक दिवा सोडा, एक उबदार रंगाचा, एक थंड, म्हणजे चेहऱ्याला गोलाई येते आणि दोन्ही बाजू दिसतात. १९३२ मध्ये त्याने हे पुस्तकात मांडले. आज कुणी ही पद्धत जशीच्या तशी वापरत नाही. एलईडी आले, एका तारेवरून ५१२ वाहिन्यांच्या आज्ञा धाडणारी डीएमएक्स पद्धत आली. पण लिहून ठेवल्यामुळे पुढच्याला त्यावर भांडता आले. आपल्याकडे प्रत्येक लाइटवाल्याचे गुपित त्याच्याबरोबर जाते. तापस सेन यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात नुसत्या प्रकाशाने कोळशाच्या खाणीत पाणी भरताना दाखवले, ते पाहिलेले लोक अजून सांगतात. ते नेमके कसे केले, हे सांगणारे त्यांच्यापेक्षा कमी.

मराठीतही असे पुष्कळ आहे. ललितकलादर्शमध्ये पु. श्री. काळे यांनी रंगवलेल्या पडद्यांकडून बंदिस्त खोल्यांच्या देखाव्यांकडे जो प्रवास केला, त्याची हकिगत त्यांनी ‘ललितकलेच्या सहवासात’ या आठवणींत लिहिली, म्हणून ती उरली. नटांची आत्मचरित्रे मोजताना बोटे कमी पडतात. पडद्यामागच्यांची एका हातावर मावतील. ‘तो मी नव्हेच’ हे अत्र्यांचे नाटक ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत प्रथम झाले. त्यातला लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूवाला, म्हणजे आमच्या पलीकडच्या गावचा. प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका सगळ्यांना आठवतात. पण कोर्ट आणि बाहेरचे प्रसंग झटपट बदलायचे ते फिरत्या रंगमंचामुळे. जपानच्या काबुकीत १७५८ मध्ये आणि युरोपात म्युनिकला १८९६ मध्ये आलेली ही गोष्ट एका जागी पक्की बांधलेली असे. आपल्या लोकांनी ती गावोगाव नेली. वेगवेगळ्या मापाच्या, उताराच्या, पोकळ फळ्यांच्या रंगमंचांवर ती सपाट कशी बसवायची, हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, आणि तो सोडवणाऱ्यांनी त्यावर प्रबंध लिहिला नाही.

‘किती’ माहीत नसण्याची किंमत केव्हा केव्हा फार मोठी असते. शिकागोचे इरोक्वॉइ थिएटर ३० डिसेंबर १९०३ रोजी, उघडल्यावर पाच-सहा आठवड्यांतच, पेटले. आर्क दिव्याची ठिणगी मलमलीच्या पडद्याला लागली. आग अडवणारा पडदा खाली सोडला तो अर्ध्यात अडकला. वरची धूर जायची झडपे बंद होती. मग सामान आणायचे मागचे मोठे दार जीव वाचवायला उघडले, तर बाहेरची थंड हवा आत घुसली आणि आगीचा लोळ प्रेक्षागृहात शिरला. ६०२ माणसे गेली. यातली प्रत्येक गोष्ट, झडप, पडदा, दार, ही पडद्यामागची आहे. पाश्चात्त्य रंगभूमीच्या तांत्रिक शिक्षणात सुरक्षा हा पाया झाला, त्यामागे अशा आगी आहेत. कोल्हापूरच्या आगीशी या घटनेची तुलना मला करायची नाही. मात्र नवे नाट्यगृह बांधताना बैठका होतात तेव्हा आसने, वातानुकूलन, दर्शनी भिंतीचे दगड यांवर बोलणे होते. विंगेची रुंदी, दिव्यांच्या पाइपची उंची, ट्रक मागे कुठे लागणार, यांवर बोलायला जाणत्या माणसाला कागद वाचता यावा लागतो आणि काढता यावा लागतो. एकास पन्नास प्रमाणाचा नकाशा आणि उभा छेद ही या कामाची बाराखडी आहे. ती आमच्या वायरमनला कुणी शिकवली नाही, म्हणून त्याला बैठकीला बोलावले जात नाही. मला ही यातली सगळ्यांत खुपणारी गोष्ट वाटते.

आमचा हातकणंगले तालुका हातांच्या कसबाचा आहे. हुपरीला चांदी घडते, शिरोलीच्या एमआयडीसीत लोखंड ओतले जाते, शेजारी इचलकरंजीत यंत्रमाग खडखडतात. वेल्डर, टर्नर, शिंपी, वायरिंग करणारे इथे घरोघरी. नाटकाला लागणारी निम्मी माणसे या तालुक्यात आधीच आहेत, आणि त्यांतली काही इचलकरंजीच्या घोरपडे नाट्यगृहात किंवा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगांना रात्री राबतातही. स्पर्धेत नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला बक्षिसे आहेत. ते बक्षीस आकल्प करणाऱ्याला जाते, आणि तसे जाणे बरोबरही आहे. पण दिवा शिडीवर चढून बांधणाऱ्याचा हिशेब ‘नाइट’वर होतो, प्रयोग झाला तर पैसे, नाही तर नाहीत. पदवीने हे आपोआप बदलेल असे मला वाटत नाही. सिनेमाची पदवी घेतलेले तंत्रज्ञही कामाच्या शोधात फिरतात.

शिकवणार कोण, हा खरा गुंता आहे. सहायक प्राध्यापक होण्याची नेहमीची वाट नेट-सेट किंवा पीएच.डी.ची. चाळीस वर्षे पडदे आणि दिवे हाताळलेला माणूस त्या दाराशी अडतो. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ अशी तरतूद केली: किमान पंधरा वर्षांचा अनुभव, पदवीची अट नाही, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका, मुदत ठरावीक वर्षांची. कागदावर ही तरतूद जणू रंगमंचाच्या मिस्त्रीसाठीच लिहिली आहे. ती मुख्यत्वे उद्योग-व्यवसायातल्या मोठ्या पदावरच्या माणसांसाठी वापरली जाण्याची शक्यता अधिक, कारण निवड करणाऱ्यांना त्यांचीच नावे ठाऊक असतात. विद्यापीठाच्या नाट्यविभागाने नाट्यगृहाशी करार करून विद्यार्थ्याला एक पूर्ण सत्र तिथल्या माणसाच्या हाताखाली ठेवावे, त्या माणसाने गुण द्यावेत आणि त्याचे मानधन प्राध्यापकासारखेच असावे. डॉक्टर घडतो तो रुग्णालयात. नेपथ्यकार वर्गात घडेल ही अपेक्षा चमत्कारिक आहे. शिवाजी विद्यापीठाच्या भोवती कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज अशी नाट्यगृहे तास-दीड तासाच्या अंतरात आहेत. एवढी सोय फार थोड्या विद्यापीठांना असेल.

हे सगळे मी आमच्या वायरमनला एका रविवारी सांगितले. पुणे, मुंबई, दिल्ली, प्रवेशपरीक्षा. त्याने शांतपणे ऐकले. वय विचारले, फी विचारली, रात्रीचे काम चालू ठेवून शिकता येईल का ते विचारले. तिन्ही उत्तरे त्याच्या सोयीची नव्हती. मग त्याने एकास पन्नास म्हणजे काय ते विचारले. मी आलेख कागद काढला, पट्टीने दोन सेंटिमीटर आखून दाखवले आणि म्हणालो, हा एक मीटर. त्याने कागद आपल्याकडे ओढला. इचलकरंजीच्या रंगमंचाची मापे त्याला पाठ होती, पावलांत. आम्ही त्याचे एक पाऊल फरशीवर मोजून घेतले. चार वाजेपर्यंत रंगमंचाची कड, दोन्ही विंगा आणि मागची भिंत कागदावर आली होती. दिव्यांचे पाइप राहिले, कारण त्याला पुढच्या गाडीने प्रयोगाला जायचे होते. कागद घडी घालून त्याने खिशात टाकला आणि पट्टीही घेऊन गेला.